नजर गेल्यावर मन सांभाळायचं कसं: आधी काय, नंतर काय

मोठ्या वयात नजर गेलेल्या माणसांच्या घरून मला फोन येतात. गोष्ट बहुतेक घरांत सारखीच असते. आधी सहा-आठ महिने वेगवेगळे डॉक्टर. मग नवस, मग कुणीतरी सांगितलेला काढा. तोवर घरातल्यांनी त्या माणसाच्या हातातलं एकेक काम काढून घेतलेलं असतं. पलंगाची एक कड, शेजारी चालू टीव्ही, एवढंच त्याच्या वाट्याला उरतं. वर्षभरानं कुणाच्या तरी ध्यानात येतं, की बाबा बोलत नाहीत, जेवण निम्म्यावर आलंय, रात्रभर जागेच असतात. मग विचारणा होते, "यांचं मन रमेल असं काहीतरी सांगा ना."

इथेच क्रम चुकतो. मन आधी सावरेल आणि मग माणूस उठून कामाला लागेल, या भरवशावर घरातले वाट बघत बसतात आणि माणूस आणखी खचत जातो. माझी स्वतःची नजर काचबिंदूनं गेली, तेव्हा माझ्या घरीही हेच झालं. प्रेमापोटीच झालं. हातात काम पडलं तेव्हा कुठे रडू आटोक्यात आलं. म्हणून पुढचे टप्पे ज्या क्रमानं लिहिलेत त्याच क्रमानं घ्या. आणि ज्यांची नजर गेलीय त्यांच्यासमोर, मोठ्यानं वाचा. त्यांच्यामागे योजना आखू नका.

## तयारी: पहिल्या पंधरा दिवसांत

डॉक्टरांची एक भेट फक्त प्रश्नांसाठी घ्या. तपासणीच्या गडबडीत प्रश्न राहून जातात, म्हणून लिहून न्या. आजाराचं नेमकं नाव काय? पडदा, नस की बुबुळ, बिघाड कशात आहे? उरलेली नजर टिकेल की अजून उतरेल? थेंब पुढे चालू ठेवायचे का? (काचबिंदूत उरलेली नजर राखायला ते बहुतेकदा लागतातच, आणि "आता काय उपयोग" म्हणून लोक नेमके तेच बंद करतात.) अल्पदृष्टीसाठीचा विभाग, म्हणजे लो व्हिजन क्लिनिक, जवळ कुठे आहे?

हा शेवटचा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. "आता काही करता येणार नाही" असं डॉक्टर म्हणतात, त्याचा अर्थ औषधानं किंवा शस्त्रक्रियेनं गेलेली नजर परत येणार नाही, इतकाच. थोडी नजर उरली असेल तर ती भिंगानं, उजेडानं, रंगाच्या फरकानं वापरायला शिकवतात, आणि त्या कामाचे लोक वेगळे असतात.

दुसरं मत एकदा घ्या, तारीख ठरवून घ्या. ओसीटी (पडद्याच्या थरांचं स्कॅन), व्हिज्युअल फील्ड (नजरेचा घेर मोजणारी तपासणी), पडद्याचे फोटो, सगळी फाईल बरोबर न्या. "अमुक तारखेपर्यंत दुसरं मत, त्यानंतर शिकायला सुरुवात" असं कॅलेंडरवर लिहा. तारीख नसली की "नजर आली की बघू" या एका वाक्यावर दोन-दोन वर्षं निघून जातात.

घरातला एक जण मुख्य ठरवा. स्वयंपाक, औषधं, अंथरूण हे सगळं जिच्या अंगावर आधीच आहे, तिच्यावरच हेही टाकू नका. भाचा, पुतण्या, शेजारची कॉलेजातली मुलगी, कुणीही चालेल.

ताकीद: नोकरीचा राजीनामा देऊ नका. धक्क्याच्या पहिल्या महिन्यात माणूस भरभर कागदांवर सह्या करतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २० प्रमाणे, नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही. त्या पदाचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यावं लागतं, आणि तसं पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या जादा पदावर ठेवता येतं. खासगी नोकरीत हे कलम इतकं थेट लागू होत नाही, तरी तिथेही आधी रजा घ्या, सल्ला घ्या, सही शेवटी.

## टप्पा १: खरं सांगा, त्यांच्यासमोर सांगा

सगळ्यात मोठी चूक दवाखान्याच्या पॅसेजमध्ये होते. डॉक्टर मुलाला म्हणतात, "जरा बाहेर या." आत बसलेल्याला दार लावल्याचा आवाज येतो. काय चाललंय ते त्याला तिथेच कळतं, आणि घरचे आपल्यापासून लपवतात हेही. पुढे वर्षभर तुमच्या कुठल्याही "काही नाही हो" वर त्याचा विश्वास बसत नाही.

सांगताना वाक्यं साधी ठेवा. "डॉक्टर म्हणाले की गेलेली नजर परत येणार नाही. आहे ती टिकवायला औषध चालू राहील. आता आपण हळूहळू शिकू. आज काहीच ठरवायचं नाहीये." बस. मग गप्प बसा. रडू आलं तर येऊ द्या. "रडू नका, धीर धरा" हे आपण स्वतःची घालमेल थांबावी म्हणून बोलतो.

टाळायची वाक्यं: "सगळं ठीक होईल." "देवाची परीक्षा असते." "अमक्याला दोन्ही पाय नाहीत, तो बघा कसा हसत असतो." "आम्ही आहोत ना, तुम्ही काही करू नका." यातलं शेवटचं सगळ्यात गोड आणि सगळ्यात घातक.

भेटायला येणाऱ्यांचं काय करायचं? पहिला महिना दारातच एक जण उभा करा. "अरेरे, कोणतं पाप भोगतोय" असं पुटपुटणाऱ्या मावशीला चहा बाहेरच्या खोलीत द्या. आणि प्रत्येकाला तीन गोष्टी सांगून ठेवा:

- आत आल्यावर आपलं नाव सांगायचं. "ओळख बघू मी कोण" हा खेळ खेळायचा नाही. ओळखता आलं नाही की माणूस सगळ्यांसमोर ओशाळतो.
- निघताना "निघतो" म्हणून निघायचं. रिकाम्या खुर्चीशी पाच मिनिटं बोलत बसल्याचं मागाहून कळलं, की पुढच्या वेळी माणूस बोलायलाच धजत नाही.
- "यांना साखर चालते का?" हे शेजारच्याला विचारायचं नाही. डोळे गेलेत, कान शाबूत आहेत.

"बघ", "दिसतं", "पुन्हा बघू" हे शब्द मात्र बिनधास्त वापरा. आम्हीही "काल मालिका बघितली" असंच म्हणतो. शब्द चाचपत बोलणारा पाहुणा ऐकायला फार विचित्र वाटतो.

खात्री करा: आजाराचं नाव आणि पुढे काय होणार, हे त्या व्यक्तीला स्वतःच्या तोंडानं दोन वाक्यांत सांगता येतंय का? येत नसेल तर पुन्हा एकदा बसून बोला.

## टप्पा २: घर जागच्या जागी आणा

हे सुरक्षिततेचं काम आहे असं वाटतं, पण ते तितकंच मनाचंही आहे. अर्ध्या उघड्या दारावर कपाळ आपटलं की लागतं, आणि पुढच्या वेळी उठण्याआधी माणूस दोनदा विचार करतो. आठवड्यात पाचदा असं झालं की तो उठतच नाही. मग घरातले म्हणतात, "त्यांना कशात रसच उरला नाही."

दारं एकतर पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद. स्टूल, बादली, मुलांची सायकल वाटेतून काढा. पाण्याचं तांब्या-भांडं, चपला, चार्जर, चष्मा, औषधाचा डबा यांची एकेक जागा त्यांना विचारून ठरवा, आणि नंतर हलवू नका. हलवलंच तर सांगा. दिवाळीची साफसफाई ही आमच्यासाठी भूकंपासारखी असते: सगळं चकचकीत, आणि काहीच जागेवर नाही.

थोडी नजर असेल तर रंग कामाला येतो. पांढऱ्या ताटात पांढरा भात दिसत नाही, गडद ताटात दिसतो. पायरीच्या कडेला पिवळी पट्टी, मोरीच्या उंबरठ्याला वेगळा रंग, गडद बेसिनवर पांढरा साबण. दिवा डोळ्यांवर येईल असा नको, कामावर पडेल असा हवा.

ताटाचं एक सांगते. संस्थांमध्ये घड्याळाच्या काट्यांप्रमाणे शिकवतात, सहा वाजता भात, तीन वाजता भाजी वगैरे. पण आपल्याकडे ताटाची डावी-उजवी बाजू पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे. वर मीठ-लिंबू, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, मध्ये भात. जुन्या माणसांना ते पाठ असतं. रोज तसंच वाढा, मग काही शिकवावं लागत नाही, आणि "भाजी कुठाय?" हे चारचौघांत विचारावं लागत नाही.

खात्री करा: रात्री, कुणालाही न उठवता, अंथरुणापासून संडासापर्यंत जाऊन परत येता येतंय का? हे जमेपर्यंत पुढे जाऊ नका. लघवीसाठी हाक मारावी लागणं माणसाला किती खाली आणतं, हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळतं.

## टप्पा ३: एक काम परत द्या

सगळा लेख विसरलात तरी चालेल, हा टप्पा विसरू नका.

घर स्थिर झालं की त्याच आठवड्यात एक काम त्यांच्याकडे परत जायला हवं. कोणतं? ते काम त्यांना आधीपासून येत असलं पाहिजे, पंधरा-वीस मिनिटांत संपलं पाहिजे, चुकलं तर कुणाला इजा होऊ नये, आणि त्याचा घराला खरोखर उपयोग झाला पाहिजे. या शेवटच्या अटीवर लोक घसरतात. वेळ जावा म्हणून मणी ओवायला दिले, तर साठ वर्षांच्या माणसाला ते बरोबर समजतं. वाटाणे सोलणं, लसूण सोलणं, कपड्यांच्या घड्या, धुतलेली भांडी मांडणीत लावणं, तांदूळ धुऊन कुकरला लावायला देणं, ही कामं संध्याकाळच्या जेवणात सगळ्यांसमोर येतात. हिशेबात मुरलेल्या माणसाकडे दूध-पेपर-किराण्याचा तोंडी हिशेब द्या, आणि महिन्याला दूधवाल्याशी त्यांनाच बोलू द्या.

आता पद्धत.

१. काम त्यांनी निवडावं. तीन पर्याय तुम्ही सुचवा.

२. पहिल्यांदा शेजारी बसा, पण मदत तोंडानं. "वाटी तुमच्या उजव्या हाताला, वीतभर पुढे." "इथे", "तिकडे" हे शब्द आमच्या काहीच कामाचे नाहीत. हात धरून हात चालवू नका. दाखवायचंच असेल तर त्यांचा हात तुमच्या हातावर ठेवायला सांगा.

३. सांडलं तर सांडू द्या. "सांडलंय, डावीकडे" एवढं सांगा आणि फडकं द्या. पुसायचंही त्यांनीच.

४. तिसऱ्या दिवशी तुम्ही खोलीतून बाहेर जा.

५. आठवडाभर जमलं की दुसरं काम, पहिलं न काढता.

नेहमीची चूक: झालेलं काम गुपचूप पुन्हा करणं. माझ्या घरी पहिल्या महिन्यात मी मेथी निवडायचे आणि स्वयंपाकघरात कुणीतरी ती पुन्हा निवडायचं. देठ मोडल्याचा आवाज मला बाहेर ऐकू यायचा. कुणी वाईट हेतूनं केलं नव्हतं, पण मी आठ दिवस मेथीला हात लावला नाही. राहिली चार जाड देठं भाजीत, तर खा. नाहीतर समोर सांगा: "देठ जाड राहतायत, बोटानं दाबून बघ, कडक लागलं की तोड." ती टीका झाली, आणि टीका चालते. टीका ज्याच्याकडून अपेक्षा असते त्याच्यावरच करतात.

गॅसचा चहा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. त्याआधी गार पाण्यावर ओतण्याचा सराव: पेल्याच्या काठावरून बोटाचं टोक आत, किटलीचं तोंड काठाला टेकवून, पाणी बोटाला लागलं की थांबायचं. गरम पदार्थाला बोट घालायचं नाही. तिथे भरतानाचा बदलता आवाज आणि पेल्याचं वजन यांवरून ओळखायचं. गॅस पेटवताना भांडं आधी शेगडीवर, बर्नर नंतर. ओढणी, पदर खोचलेला.

पैसेही हातात परत गेले पाहिजेत. ज्याच्या खिशात पैसे नाहीत, त्याला चार लोकांत बसावंसं वाटत नाही. सध्याच्या मालिकेतल्या ५० ते ५०० रुपयांच्या नोटा रुंदीला सारख्याच, ६६ मिलिमीटर. फरक लांबीत आहे: ५० ची १३५, १०० ची १४२, २०० ची १४६, ५०० ची १५० मिलिमीटर. एका जाड पुठ्ठ्यावर या चार लांबींच्या खाचा करून घ्या आणि नोट लावून बघा. कोऱ्या नोटेच्या कडांना उठावाच्या तिरक्या रेघाही असतात, १०० ला चार, ५०० ला पाच. वापरलेल्या नोटेवर त्या झिजतात, म्हणून त्यांच्या एकट्या भरवशावर राहू नका. घरी ओळखलेली नोट पाकिटात ठेवताना घडी ठरवा: ५०० ची सपाट, २०० ची एक घडी, १०० ची दोन. फोन वापरता येऊ लागला की रिझर्व्ह बँकेचं 'मनी' नावाचं ॲप नोट ओळखून बोलून सांगतं, इंटरनेट नसलं तरी.

खात्री करा: या आठवड्यात घरातल्या कुणीतरी त्यांच्याकडे काहीतरी *मागितलं* का? दिलं किती, हे मोजू नका.

## टप्पा ४: दिवस आणि रात्र वेगळी करा

उजेडाची जाणीवही गेली असेल, तर शरीराचं घड्याळ भरकटू शकतं. झोप रोज थोडी थोडी पुढे सरकते, काही आठवड्यांनी माणूस दिवसा पेंगतो आणि रात्री टक्क जागा. लोक याला चिंता किंवा आळस समजतात, नाहीतर दुकानातून झोपेची गोळी आणतात. गोळी स्वतःहून देऊ नका. उठण्याची वेळ एकच ठेवा, रविवारीसुद्धा. आंघोळ, जेवण, चालणं घड्याळाला बांधा. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा. बोलणारं घड्याळ विकत घ्या, "किती वाजले?" हे दिवसातून वीसदा विचारावं लागू नये म्हणून. पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर डॉक्टरांना "झोप येत नाही" असं मोघम सांगू नका. रोज किती वाजता झोप लागली आणि जाग आली, याची वही दाखवा.

ताकीद: नसलेलं दिसू लागलं तर घाबरू नका, लपवूही नका. नजर गेलेल्या काही जणांना जाळीदार नक्षी, फुलं, अनोळखी चेहरे, रंगीत कपड्यातली छोटी माणसं स्पष्ट दिसतात. याला चार्ल्स बोनेट सिंड्रोम म्हणतात. डोळ्यांकडून येणारी माहिती थांबली की मेंदू स्वतःच चित्रं तयार करतो. ही माणसं बहुधा बोलत नाहीत, आणि ती खरी नाहीत हे बघणाऱ्याला माहीत असतं. तरी "आपल्याला वेड लागलं म्हणतील" या भीतीनं लोक महिनोन्‌महिने एकटेच सोसतात, आणि सांगितलंच तर घरचे "बाहेरचं काहीतरी आहे" म्हणून अंगारे-धुपारे सुरू करतात. तुम्हीच आधी विचारा: "काही जणांना असं दिसतं म्हणे, तुम्हाला दिसतं का?" दिसत असेल तर दिवा लावणं किंवा घालवणं, मान स्थिर ठेवून डोळे डावी-उजवीकडे फिरवणं, जागेवरून उठणं यानं बऱ्याचदा चित्र मोडतं. डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा. पण आवाजही येत असतील, ते खरंच वाटत असेल, किंवा माणूस अचानक गोंधळला असेल, तर थांबू नका. ते वेगळं दुखणं असू शकतं.

## टप्पा ५: फोन, आणि फोनवरचा एकांत

नातू टॉकबॅक (पडद्यावरचं वाचून दाखवणारी अँड्रॉइड फोनमधली सोय) चालू करून देतो आणि क्लासला निघून जातो. फोन बडबडत सुटतो, काही उघडत नाही, आणि दहा मिनिटांत "हे माझ्याच्यानं होणार नाही" वर गाडी येते. असं होऊ देऊ नका.

आधी मराठी आवाज बसवा आणि वेग कमी करा. पहिल्या दिवशी तीनच गोष्टी: एक बोट उजवीकडे सरकवलं की पुढची वस्तू बोलते, दोनदा टिचकी मारली की ती उघडते, दोन बोटांनी पान सरकतं. दुसऱ्या दिवशी फोन उचलणं आणि ठेवणं. तिसऱ्या दिवशी लावणं. रोज वीस मिनिटं, जास्त नको. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर आवाजाची दोन्ही बटणं एकदम तीनेक सेकंद दाबून टॉकबॅक चालू-बंद होतो. ही सोय सेटिंगमध्ये लावून ठेवा. आयफोनवर याच कामासाठी व्हॉइसओव्हर आहे.

पहिलं ध्येय काय ठेवायचं? जुन्या मित्राला त्यांनी स्वतः फोन लावावा आणि खोलीत दुसरं कुणी नसावं. नजर गेल्यावर एकांत नाहीसा होतो. पत्र दुसरा वाचतो, मेसेज दुसरा वाचतो, बँकेची शिल्लक सुनेला आधी कळते. घरच्यांबद्दल मनात साचलेलं घरच्यांसमोर कसं बोलणार? स्वतः लावलेल्या पहिल्या फोनवर माणूस बहुधा तुमच्याबद्दलच कुरकुर करेल. करू द्या, आणि ऐकू नका.

ओटीपी आणि बँकेचा पिन त्यांचाच. चारचौघांत हेडफोन लावून ऐकायचे.

## टप्पा ६: काठी आणि रस्ता

पांढऱ्या काठीला विरोध होतो, तो शरमेमुळे. काठी हातात घेतली की गल्लीला कळतं. म्हणून पहिला सराव आपल्या गल्लीत नको. पहाटेचं मैदान, दुसऱ्या वस्तीतला रस्ता, शाळेचं सुट्टीतलं पटांगण. काठी सरळ उभं राहून जमिनीपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत पोचेल एवढी. आधाराची काठी वेगळी, ही वेगळी. हिच्यावर भार टाकायचा नाही. डावं पाऊल पुढे जाताना टोक उजवीकडे, उजवं जाताना डावीकडे, खांद्याएवढ्या रुंदीत. हे प्रशिक्षित माणसाकडूनच शिका, यूट्यूबवरून नाही.

शिकेपर्यंत सोबत चालायची रीत: तुम्ही त्यांना धरायचं नाही, त्यांनी तुमच्या कोपराच्या वर धरायचं आणि अर्धं पाऊल मागे चालायचं. तुमचं अंग वळलं, उतरलं, की त्यांना आपोआप कळतं. पाठीवर हात ठेवून ढकलत नेणं, किंवा काठीचं टोक धरून ओढणं, म्हणजे माणसाला गाडा करणं. पायरी आली की "पायरी" एवढं पुरत नाही. "वर" की "खाली", ते सांगा.

पहिला स्वतंत्र पल्ला लहान आणि कामाचा असावा: कोपऱ्यावरून दूध, किंवा रोजचा कट्टा. तुम्ही वीस पावलं मागून गुपचूप जाऊ नका. पावलं ओळखू येतात. जायचंच तर सांगून जा.

## टप्पा ७: आपल्यासारखं माणूस

समुपदेशक, डॉक्टर, घरचे सगळे हवेत. पण सारखंच भोगलेल्या माणसाशी एक तास बोलल्यानं जे होतं, ते त्यांच्याकडून होत नाही. इथे लोक हौसेनं एखादा शिखर चढलेला किंवा मोठी परीक्षा पास झालेला पाहुणा आणतात. नको. साठीच्या दुकानदाराला तो बघून स्वतःचीच लाज वाटते. साधारण त्याच वयाचा, तशाच घरातला, दोन-चार वर्षांपूर्वी नजर गेलेला आणि आज स्वतःचा चहा करून पिणारा माणूस शोधा.

शोधायला: नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही १९५२ पासूनची संस्था, मुख्य कार्यालय मुंबईत वरळीला, महाराष्ट्र शाखेचं काम नाशिकहून चालतं. पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजातलं दृष्टिहीनांसाठीचं झेवियर्स रिसोर्स सेंटर, विशेषतः संगणक, बँक, शिक्षण यांसाठी. वाचनाची ओढ असेल तर 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाइन ग्रंथालयात सभासद होता येतं. पहिल्या भेटीला घरचा माणूस बरोबर गेला तरी गप्पांच्या वेळी बाहेर बसावं.

## टप्पा ८: कागद

जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचं प्रमाणपत्र, आणि सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवरून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. हा टप्पा इतक्या उशिरा घेतला आहे तो मुद्दाम. पहिल्याच आठवड्यात "अंधत्व" असा शिक्का हातात पडला, की तो कागद शिक्षेसारखा वाटतो. एसटी-रेल्वेनं स्वतः जायचं मनात आलं की तोच कागद कामाचा वाटतो. नोकरीचा किंवा विम्याचा प्रश्न अडला असेल तर मात्र आधी करा.

## सगळ्या टप्प्यांत: दर रविवारची तपासणी

"कसं वाटतंय?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "बरंय." म्हणून मोजता येईल असं विचारा. या आठवड्यात घराबाहेर कितीदा गेलात? फोन कुणाला केलात? काय खायला मजा आली? कोणती गोष्ट करावीशी वाटली आणि सोडून दिलीत?

दुःख होणारच. महिन्यातून दोनदा रडणं, सणाच्या दिवशी गप्प होणं, नातवाचा चेहरा दिसत नाही म्हणून हळवं होणं हे दुखणं नव्हे. पण सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, मन खचलेलं असेल किंवा कशातच गोडी वाटत नसेल, तर मानसोपचार तज्ज्ञांकडे न्या. आपल्याकडच्या पुरुषांत हे बरेचदा रागाच्या किंवा अंगदुखीच्या रूपानं बाहेर येतं: चहा गार, आमटी खारट, डोकं दुखतंय. मधुमेही माणूस इन्सुलिन मुद्दाम चुकवू लागला तर तेही याच खात्यात धरा. घरून फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ वर आहे, चोवीस तास, मराठीतही.

मानसोपचार तज्ज्ञांकडे जाताना डोळ्यांची फाईल न्या. मनाच्या आजारावरची काही औषधं काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्यांचा दाब वाढवू शकतात, आणि "डोळ्यांचं काय आहे?" हे प्रत्येक जण विचारेलच असं नाही.

ताकीद: "मी गेलेलो बरा", "तुमच्यावर ओझं आहे" असं कानावर आलं तर "असं बोलू नये" म्हणून विषय मिटवू नका. सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर "हो" असेल तर माणसाला एकटं सोडू नका, औषधांचा साठा आणि शेतीची फवारणीची औषधं घरातून हलवा, १४४१६ ला फोन करा किंवा त्याच दिवशी दवाखान्यात न्या. जिवाला लगेच धोका वाटत असेल तर ११२.

## नजर टप्प्याटप्प्यानं उतरत असेल तर

काचबिंदूत, पडद्याच्या काही आजारांत आज दिसलेलं सहा महिन्यांनी दिसत नाही. जमलेलं काम पुन्हा चुकायला लागतं आणि घरातले म्हणतात, "एवढं शिकवलं ते वाया गेलं." वाया काही जात नाही. नजर उतरल्याचं कळलं की सरळ टप्पा २ वर या, घर पुन्हा तपासा, आणि टप्पा ३ मधलं सगळ्यात सोपं काम पुन्हा हातात द्या. दुसऱ्या खेपेला बहुधा कमी वेळ लागतो. उरलेल्या नजरेवर चालणारी कामं बोटांनी आणि कानांनी करायचा सराव, थोडं दिसत असतानाच, डोळे मिटून सुरू केला तर आणखी कमी.

आणि सांभाळणाऱ्या बाईला आठवड्यातून एक दुपार पूर्ण सुट्टी द्या. ती बाहेर गेली की घरी कोण असेल, जेवण कोण वाढेल, हे आधीच्या रात्री ठरवून, आणि ज्यांच्यासाठी ठरवताय त्यांना सांगून.